बंद आहे का?

१

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक दारातून आत येतं तेव्हा त्याच्या तोंडचा पहिला शब्द ठरलेला असतो. "बंद आहे हो, बघा जरा." मिक्सर बंद, रेडिओ बंद, पंखा बंद. नऊ वर्षं मी हा शब्द स्वतः वापरला नाही आणि माझ्या दुकानात दुसऱ्याला वापरू दिला नाही. गिऱ्हाइकाचं तोंड धरता येत नाही, ते सोडा. पण पुढच्या काउंटरवर वस्तू उतरवून घेऊन चिठ्ठी लिहिण्याचं काम माझ्या वहिनी करतात. त्यांना मी सांगून ठेवलं होतं, तक्रारीच्या रकान्यात तेवढा एक शब्द नको. 'चालत नाही' लिहा, 'बिघडलाय' लिहा, काहीही लिहा.

वहिनी माझी थट्टा करायच्या. "भाऊजी, नळ मिटवू का झाकू?" असं मुद्दाम मोठ्याने विचारायच्या. "आणि संध्याकाळी दुकानाचं काय करायचं असतं म्हणालात?" मीही हसायचो. हसण्यावारी नेलं की प्रश्न पुढे सरकत नाही.

एका रविवारी मी भंगारबाजारातून एक जुना पॉवर सप्लाय आणला. दुरुस्तीच्या टेबलावर हे यंत्र नसेल तर आमच्यासारख्याचा हातच मोडतो. भिंतीतली वीज घेऊन तो शून्यापासून तीस व्होल्टपर्यंत पाहिजे तेवढा बेताचा दाब देतो. समोर काट्यांची दोन मीटरं, एक व्होल्टचं, एक करंटचं. खाली तारा जोडायला एक लाल आणि एक काळं टर्मिनल. माझा स्वतःचा सप्लाय महिन्यापूर्वी जळाला होता.

"चालतो का?" मी भंगारवाल्याला विचारलं.

"बंद आहे."

"प्लग लावलेला नाही म्हणून, की बिघडलाय म्हणून?"

त्याने तारेने बांधलेल्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आधी कोर्टात होतात का? बंद म्हणजे बंद."

दुकानात आणल्यावर वहिनींनी तो उचलून हलवून बघितला. समोर पितळी अक्षरांत भारदस्त नाव, आत नुसता खुळखुळा. "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा," त्या म्हणाल्या. मग माझ्या सोल्डरच्या रिळाकडे बघून पुढे म्हणाल्या, "कथील तुमच्याकडे आहेच म्हणा."

२

आमचं दुकान म्हणजे आगगाडीसारख्या एकामागे एक तीन खोल्या. पुढे काउंटर, मधे माझं टेबल, मागे हात धुवायचं बेसिन. मधल्या खोलीला दोन दारं. पुढचं वहिनींकडे उघडतं, मागचं बेसिनकडे. मी बसतो तेव्हा मागचं दार माझ्या पाठीशी येतं.

हे सगळं दादाने मांडलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. तो नऊ वर्षांपूर्वी गेला, याच खोलीत. मला धंदा त्यानेच शिकवला. आधी डोळे, मग नाक, मग मीटर, असं त्याचं होतं. आणि दोन नियम. चालू यंत्रात एक हात घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा, कारण दोन्ही हात आत गेले तर वीज एका हाताने शिरते आणि छातीतून जाऊन दुसऱ्या हाताने बाहेर पडते. आणि हात घालण्याआधी मोठ्याने विचारायचं, "बंद आहे का?" स्वतः प्लग काढला असला तरी विचारायचं. मी खोलीत असलो तर माझं उत्तर आल्याशिवाय तो पुढे जात नसे.

सोमवारी दुपारी, जेवणानंतर, मी सप्लाय उघडला. डोळ्यांनी पाहिलं तर फ्यूज उडालेला आणि त्यावर कुणीतरी हुशारीने चॉकलेटची चांदी गुंडाळलेली. नाकाला जळक्या वार्निशचा वास. मीटरने सांगितलं की चारपैकी एक डायोड आरपार गेलाय. मोठा कपॅसिटर फुगून टम्म झाला होता. डायोड बदलला, कपॅसिटर बदलला, चांदी फेकून खरा फ्यूज बसवला. पहिल्यांदा वीज देताना आम्ही मधे एक साधा बल्ब जोडतो. आत शॉर्ट राहिला असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. मी एक हात खिशात घातला आणि स्विच दाबला. बल्ब भक्कन पेटला, मंदावला, विझत आला. व्होल्टचा काटा सावकाश वर चढला. मी मूठ फिरवली तसा दहावर गेला, वीसवर गेला, तीसवर जाऊन स्वस्थ उभा राहिला.

मेलेली वस्तू उठून बसली की मला अजूनही फार आनंद होतो. तो आनंदच नडला.

"झालं का भाऊजी?" पुढून वहिनींनी विचारलं. "काय झालं होतं त्याला?"

"काही नाही हो," मी खुशीत ओरडलो. "नुसताच बंद होता."

शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. पुढच्या खोलीत वहिनी हसल्या, "दंड भरा आता." मी मान खाली घालून मीटरकडे बघितलं. करंटचा काटा शून्यावरून उठला होता.

३

टर्मिनलांना काही जोडलेलं नसताना करंट वाहत नाही. वाहणार कुठे? नळाला तोटी लावली, तोटी मिटलेली, आणि तरी पाण्याचं मीटर फिरतंय, तसंच हे. पण काटा उठला होता. हा सप्लाय कुठल्यातरी प्रयोगशाळेतला असावा, त्याच्या करंट मीटरला एक बारीक रेंज होती. तिच्यावर टाकलं तर दोन मिलीअँपिअर दिसले. मुंगीएवढा करंट. पण होता.

मी घाबरलो नाही. असल्या गोष्टींना कारण असतं आणि ते शोधायचे पैसे लोक मला देतात. काटाच वाकडा असेल म्हणून स्विच उतरवला. काटा शून्यावर आला. चढवला, दोनवर गेला. मग आउटपुटचा छोटा कपॅसिटर गळत असेल म्हणून तो काढून टाकला. दोन. टर्मिनलांच्या मधली धूळ ब्रशने झाडली, जागा स्पिरिटने पुसली, वाळू दिली. दोन. शेवटी आतून येणाऱ्या दोन्ही तारा टर्मिनलांपासून सोडवल्या. शून्य. पुन्हा जोडल्या. दोन.

म्हणजे बिघाड आत नव्हता. जे काही करंट ओढत होतं, ते टर्मिनलांच्या बाहेरच्या बाजूला होतं. तिथे टेबलावर माझा चष्म्याचा डबा होता आणि दुसरं काही नव्हतं.

मग मी काट्याकडे नीट बघितलं. तो स्थिर नव्हता. दोनवर किंचित थरथरत होता, मधेच अडीचवर जाई, परत येई. ही थरथर मला ओळखीची होती. शिकाऊ माणूस मीटरची दोन टोकं उघड्या बोटांच्या चिमटीत धरतो, तेव्हा त्याचं स्वतःचंच अंग मापात येतं आणि बोटं घट्ट-सैल होतील तसा काटा हलतो. सुरुवातीला मी नेहमी असंच करायचो. दादा टपली मारून म्हणायचा, "स्वतःला मोजतोयस का रेडिओला?"

आणि दोन मिलीअँपिअर म्हणजे बोटं कोरडी नाहीत. ओल्या हातांचा आकडा आहे तो.

मी माझे हात बघितले. एक टेबलाच्या कडेवर होता, एक खिशात.

४

आता ते सांगायला हवं.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी एका सभागृहाचा मोठा अँप्लिफायर टेबलावर उघडा होता. सकाळपासून मी त्याच्या मागे लागलो होतो आणि तो ढिम्म होता. प्लग लावलेला, स्विच दाबलेला, तरी ना दिवा ना आवाज. वैतागून मी कोपऱ्यात एक रेडिओ घेऊन बसलो. दादा मागे हात धूत होता. तेव्हा आम्ही कपड्यांच्या पावडरीने हात धुवायचो, सोल्डरचा चिकटा साबणाने जात नाही म्हणून. नळ थांबला. दादाला टॉवेल कधी सापडायचा नाही, पँटीला हात पुसत तो आत आला.

"बंद आहे का?"

"बंदच आहे," मी म्हणालो. मान वर केली नाही.

मला म्हणायचं होतं, बिघडलेला आहे. सकाळपासून तसाच आहे, आता तू तरी डोकं खाऊ नकोस. त्याने ऐकलं, वीज तोडलेली आहे. शब्द तोच. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड दादाने शंभरदा बोलून दाखवली होती. त्याने दोन्ही हात आत घातले, कारण त्याने विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं.

मी वळून पाहिलं तेव्हा तो उभाच होता. प्लग ओढायला मला किती वेळ लागला ते मी कधी मोजलं नाही.

संध्याकाळी वहिनींनी मला बाजूला घेतलं. डोळे कोरडे होते. "घरात बल्ब बदलताना सुद्धा दहादा विचारतात," त्या म्हणाल्या. "आज विचारलं नाही?"

मी म्हणालो, "नाही."

माणसाकडून एका शब्दाची चूक होते. हा दुसरा शब्द चुकून गेला नव्हता.

तेव्हापासून वहिनी दादावर रागावल्या त्या रागावल्याच. पूर्वी त्या नवऱ्याला 'हे' म्हणायच्या. 'ह्यांनी सांगितलंय', 'हे येतीलच.' त्या दिवसानंतर तो माझ्याशी बोलताना 'तुमचे दादा' झाला. "तुमच्या दादांचे नियम जगासाठी होते. स्वतःच्या वेळी विचारायला तोंड दुखलं." फोटो भिंतीवर लावू दिला नाही. त्याचा निळा कामाचा कोट मात्र दुकानात रोज घालतात, धड वस्तू टाकायची कशाला म्हणून. दरवर्षी मी ठरवायचो, या वर्षी सांगायचं. आणि दरवर्षी त्या थट्टा करत चहाचा कप समोर ठेवत, आणि मी तो पीत असे.

५

पुढे गिऱ्हाईक आलं होतं. वहिनींचा आवाज येत होता, कसलीशी वॉरंटीची गोष्ट चालली होती. तेवढ्यात मागच्या खोलीत नळ सुरू झाला.

तो नळ खराब आहे, वायसर गेलाय, आपोआप सुटू शकतो. मी हे मनात पूर्ण वाक्यात म्हटलं. पण मोकळ्या नळाचं पाणी बेसिनवर एका सुरात पडतं. हे तुटत होतं, मधे काहीतरी आल्यासारखं. पावडरीचा वास आला. ती पावडर या दुकानात नऊ वर्षांत मी येऊ दिलेली नाही.

नळ थांबला. कापडावर हात पुसल्याचा आवाज झाला, एका बाजूला दोनदा, दुसऱ्या बाजूला दोनदा.

मी वळलो नाही. धीर नव्हता, आणि खरं सांगायचं तर हक्कही नव्हता. माझ्यासमोर करंट मीटरची फुगीर काच होती. तिच्यात माझा खांदा दिसत होता, त्यामागे दाराची चौकट, आणि चौकटीत कमरेच्या उंचीवर दोन हात. काच लहान, तेवढाच भाग तिच्यात मावत होता. मी स्वतःला सांगितलं, कोट आहे, खुंटीला टांगलेला. पण कोट तर वहिनींच्या अंगात होता. हात ओले होते. दोन्ही खिशाच्या बाहेर होते.

काचेखाली काटा तीनवर गेला, मग चारवर. लाल टर्मिनलवर पाण्याचा एक थेंब जमला आणि टेबलावर पडला.

प्रश्न मला ऐकू आला नाही, ते मी शपथेवर सांगेन. पण प्रश्न विचारून झाल्यावर माणूस उत्तरासाठी थांबतो ना, खोली तशी थांबली होती.

"नाही दादा," मी म्हणालो. "चालू आहे. प्लग लावलेला आहे. हात लावू नकोस."

काटा शून्यावर आला. हळूहळू नाही, कुणी हात काढून घ्यावा तसा. काचेतला एक हात खाली गेला, खिशात जावा इतका.

मग मला थांबवेना. "त्या दिवशी पण लावलेला होता. तू विचारलंस तेव्हा मी बंद म्हणालो ते बिघडलाय म्हणून. तुझं काही चुकलं नाही रे. तू विचारलं होतंस."

६

वहिनी पुढच्या दारात उभ्या होत्या, हातात चिठ्ठ्यांचं पुस्तक.

"ह्यांनी विचारलं होतं?"

नऊ वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडी आला होता. मी मानेनेच हो म्हटलं.

"आणि तुम्ही?"

"बंद आहे म्हणालो."

"बिघडलाय, अशा अर्थी."

"हो."

"आणि मला सांगितलंत की विचारलंच नाही."

वहिनींनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. त्या ओरडल्या असत्या, माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"नऊ वर्षं मी त्यांना बोल लावले," त्या म्हणाल्या. "रोज. भांडी घासताना, अंथरूण घालताना. मेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही, म्हणून मी बोलतच राहिले." मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही पुढे जा. गिऱ्हाईक उभं आहे."

मी भिंतीतला प्लग उपटला, त्यांना दिसेल असा सप्लायसमोर ठेवला आणि पुढे गेलो.

काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ इस्त्री घेऊन उभे होते. "बंद आहे हो," ते म्हणाले. मी पेन्सिल उचलली. तेवढ्यात आतून आवाज आला.

"अहो."

आमच्यात बायका नवऱ्याला हाक मारतात ती. मग शांतता. एखाद्याला दोन वाक्यं बोलायला लागतील एवढी. मग वहिनी म्हणाल्या, "मला कसं कळणार होतं?" पुन्हा शांतता, जरा लांब. मग नुसतंच, "हं."

"आत कोण आहे?" गृहस्थांनी सहज विचारलं.

"घरचेच आहेत," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी दारापर्यंत गेलो. वहिनी माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. डावा हात निळ्या कोटाच्या खिशात होता. उजव्या हाताची दोन बोटं सप्लायच्या काळ्या टर्मिनलवर होती, फक्त काळ्या. लाल टर्मिनल मोकळं होतं, ओलं होतं. प्लग जिथे ठेवला होता तिथेच पडला होता, व्होल्टचा काटा शून्यावर होता. करंटचा काटा दोनवर उभा होता. थरथरत नव्हता.

एका टोकाने करंट वाहत नाही. दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. वहिनींनी बोटं उचलली, तसा काटा खाली बसला.

७

दादाचा फोटो आता काउंटरच्या वर आहे. सप्लाय माझ्या टेबलावर आहे आणि उत्तम चालतो. त्यात तेव्हापासून मला काही वावगं दिसलं नाही.

वहिनींनी घर सोडलं नाही, दुकानही सोडलं नाही. चिठ्ठ्या त्याच लिहितात. फक्त मला भाऊजी म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत. नळ मिटवू का झाकू, असं कुणी विचारत नाही, आणि त्या थट्टेसाठी मी किती आसुसलोय ते मला सांगता येणार नाही. तक्रारीच्या रकान्यात त्या आता सरळ 'बंद' लिहितात.

माझ्याशी त्यांचं बोलणं एकच. टेबलावरची वस्तू उचलायला आल्या की डावा हात खिशात घालतात आणि विचारतात, "बंद आहे का?" मी हातातलं काम टाकतो, उठतो, प्लग भिंतीतून काढतो आणि दोन्ही पिना दिसतील असा त्यांच्यासमोर धरतो. "प्लग काढलेला आहे," मी म्हणतो. एक एक शब्द सुटा करून म्हणतो. दिवसातून दहा वेळा, कधी पंधरा.

त्या प्लगकडे बघत नाहीत. माझ्या खांद्यावरून मागे, बेसिनच्या दाराकडे बघतात आणि थांबतात. तिकडून होकार आला की मगच हात पुढे करतात.